बुचाचा स्प्रे मारला की घर खरंच गार होतं का? कॉर्क कोटिंगचा हिशेब, मार्केट यार्डातल्या एका गच्चीवरून

मार्चअखेरीस बाबांनी फॅमिली ग्रुपवर एक रील फॉरवर्ड केली. एक कारागीर पत्र्याच्या छतावर बंदुकीसारख्या यंत्राने तपकिरी, खरबरीत लेप मारतोय आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'नैसर्गिक बुचाचा स्प्रे, घर १० अंशांनी गार!' त्याखाली बाबांचा मेसेज: "आपल्याकडे चालेल का बघ. तू इंजिनिअर आहेस ना."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सिव्हिल नाही. पण हा फरक आमच्या घरात कुणाला मान्य नाही. प्रिंटर बिघडला तरी मीच, नळ गळला तरी मीच.

आम्ही मार्केट यार्डाला लागून असलेल्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतो, वर थेट गच्ची. बाबा भुसार बाजारातल्या एका गाळ्यावर हिशेब बघतात. आजी ८१ वर्षांची. उन्हाळ्यात रात्री अकरालाही तिच्या खोलीचा स्लॅब तापलेला असतो, पंखा ती गरम हवाच खाली ढकलतो. मग ती चटई घेऊन बाल्कनीत येते. यार्डात भाजीचे ट्रक रात्रीच लागायला सुरुवात होते, त्यामुळे बाल्कनीत झोप किती लागत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. मागच्या मे महिन्यात तिला चक्कर आली आणि सलाईन लावावं लागलं. म्हणून ही रील आमच्याकडे गंमत म्हणून आली नव्हती.

बाबांनी त्या नंबरवर फोनही केला होता. दोन दिवसांत कोटेशन आलं: ६० चौरस मीटर गच्ची, ३ मिलीमीटर जाडीचा थर, आणि रक्कम बाबांच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी. तेव्हा मी लॅपटॉप उघडून नीट बसलो. त्यातून जे समजलं ते इथे लिहितोय, कारण असल्या रील तुमच्याही घरच्या ग्रुपवर येणारच आहेत.

हे बूच नक्की कुठलं?

पुण्यात बुचाचं झाड म्हटलं की आपल्याला आकाशनिंब आठवतो. सरळ उंच झाड, पावसाळा संपताना खाली लांब देठाच्या पांढऱ्या, वासाच्या फुलांचा सडा. त्याची साल बुचासारखी मऊ असते म्हणून ते नाव पडलं. स्प्रेमधलं बूच मात्र त्याचं नसतं. ते पोर्तुगाल, स्पेन आणि भूमध्य समुद्राच्या काठच्या प्रदेशात वाढणाऱ्या एका ओकच्या जातीची साल असते. जगातलं जवळपास निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं. झाड तोडत नाहीत. साल सोलून काढतात, ती पुन्हा वाढते, आणि साधारण ९ वर्षांनी परत सोलतात. पहिली सोलणी करायला झाड २५ वर्षांचं तरी व्हावं लागतं. बाटल्यांची बुचं कापून झाल्यावर जो चुरा उरतो त्याच्यापासून फळ्या, टाइल्स आणि हे स्प्रेचं साहित्य बनतं. तुम्ही हे बूच हातात धरलेलं आहे: शटलकॉकचं गोल बूड, क्रिकेटच्या लेदर बॉलचा गाभा.

१६६५ मध्ये रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा पातळ काप ठेवला आणि त्याला मधमाशांच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्यांना त्याने 'सेल' म्हटलं आणि जीवशास्त्रात तो शब्द तिथूनच आला. एका घन सेंटीमीटर बुचात असे सुमारे ४ कोटी कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात कोंडलेली हवा, आणि कोंडलेली हवा उष्णता फार हळू पुढे जाऊ देते. बूच उष्णतारोधक आहे ते या हवेमुळे. हा गुण खोटा नाही, नवाही नाही. थर्माकोल आणि पफ यायच्या आधी शीतगृहांच्या भिंतींना आतून बुचाच्या फळ्या डांबराने चिकटवत. त्यांची जाडी मात्र चार-सहा इंच असायची. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्प्रेसाठी बुचाचे बारीक कण घेतात, बहुधा एक मिलीमीटरच्या आतले. ते पाण्यावर आधारलेल्या ॲक्रिलिक रेझिनमध्ये कालवतात, त्यात रंगद्रव्य टाकतात. मग हे मिश्रण हॉपर गनमध्ये भरून कॉम्प्रेसरच्या हवेने भिंतीवर मारतात. एक हात, तो वाळला की दुसरा. वाळल्यावर दोन-चार मिलीमीटरचा रबरासारखा लवचीक, दाणेदार थर तयार होतो. युरोपात जुन्या घरांच्या बाहेरच्या भिंतींसाठी हा प्रकार बराच वापरतात.

३ मिलीमीटरचा हिशेब

उष्णतेला अडवायची ताकद दोन गोष्टींवर ठरते: पदार्थ किती मंद वाहक आहे आणि थर किती जाड आहे. मीटरमधली जाडी भागिले वाहकता केलं की 'अडथळा' मिळतो. त्याला आर-व्हॅल्यू म्हणतात. सगळ्या थरांचे अडथळे बेरजेत येतात. त्या बेरजेचा व्यस्त काढला की यू-व्हॅल्यू, म्हणजे एका चौरस मीटरमधून प्रत्येक अंशाच्या फरकाला किती वॅट उष्णता आत येते ते. यू जितका कमी तितकं चांगलं.

आमचा स्लॅब १५० मिलीमीटरचा. काँक्रीटची वाहकता साधारण १.५८, म्हणजे अडथळा ०.०९५. छताच्या वर आणि खाली चिकटून राहणाऱ्या हवेच्या पातळ थरांचे मिळून ०.२१ धरतात. बेरीज सुमारे ०.३०५, यू-व्हॅल्यू ३.२८.

आता बूच. शुद्ध बुचाची वाहकता ०.०४ च्या आसपास असते, पण स्प्रेमध्ये रेझिनही आहे, म्हणून मी ०.०६ धरली. ३ मिलीमीटर म्हणजे ०.००३ भागिले ०.०६, बरोबर ०.०५. एकूण अडथळा ०.३५५ झाला, यू-व्हॅल्यू २.८२. म्हणजे छतातून येणारी उष्णता १४ टक्क्यांनी कमी. शून्य नाही, पण तीन महिन्यांच्या पगाराला १४ टक्के!

तुलनेसाठी सरकारी माप बघा. ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यात छताची यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नसावी असं म्हटलंय. आमच्या स्लॅबला तिथवर आणायचं तर बुचाचा थर ३२ मिलीमीटरचा लागतो. कोटेशनपेक्षा दहापटीहून जास्त. शीतगृहवाले चार-सहा इंच का लावत होते ते आता लक्षात येईल.

ज्यांच्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आहे त्यांच्यासाठी आणखी एक गंमत. १०० मिलीमीटर कोब्याचा अडथळा साधारण ०.१२ येतो. म्हणजे गवंड्याने गळती थांबवायला घातलेला कोबा ३ मिलीमीटर बुचाच्या दुपटीहून जास्त उष्णता अडवतो. पत्र्याच्या शेडचं गणित जरा वेगळं. पत्र्याला स्वतःचा अडथळा जवळपास नसतोच, त्यामुळे तिथे तेच ३ मिलीमीटर १९ टक्के फरक पाडतात. रीलमध्ये पत्राच का दाखवतात, कळलं?

मग तो हात का भाजत नाही?

कोटेशनवाले दादा डेमो द्यायला घरी आले होते. त्यांनी एक पत्रा आणला, अर्ध्या भागावर बुचाचा लेप. खाली गॅसची शेगडी, आणि मला म्हणाले, "लेपावर हात ठेवा." ठेवला. गरम लागलं पण भाजलं नाही. आजी एकदम इम्प्रेस.

हा डेमो खोटा नव्हता, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता. आपल्या त्वचेला तापमान कमी आणि उष्णता किती वेगाने आत येते ते जास्त कळतं. तव्याची लोखंडी कड आणि लाकडी मूठ यांतला फरक तोच. बूच हलकं असतं, त्यात उष्णता साठतेच थोडी आणि हाताकडे येते हळू. दोन सेकंदांत हात बचावतो. आजीची खोली मात्र त्या छताखाली सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत असते. तितका वेळ मिळाला की उष्णता सावकाश का होईना, पोचते.

त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली ती लेझर थर्मामीटरची. लेप नसलेला काळपट पत्रा आणि पांढऱ्या बुचाचा लेप दिलेला पत्रा, दोन्ही उन्हात. फरक २० अंशांच्या वर. मी विचारलं, "काका, तुमच्याकडे तपकिरी लेपाचा तुकडा आहे का? तोही ठेवूया शेजारी." तो नव्हता. खरी मेख तिथेच होती.

रंग बुचापेक्षा जास्त काम करतो

एप्रिलच्या दुपारी पुण्यात सपाट गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ९०० वॅट ऊन पडतं असं धरू. जुना करडा स्लॅब त्यातलं ७० टक्के शोषतो, चांगला पांढरा लेप नवीन असताना २५ टक्के. बाहेरची हवा ४० अंश, खोली ३२ अंश. उन्हामुळे छताला बाहेरची हवा किती तापमानाची 'वाटते' ते काढायचं एक सूत्र आहे. त्याने करडी गच्ची ६५ अंशांवर जाते, पांढरी ४९ वर. आता वरच्या यू-व्हॅल्यू वापरून प्रत्येक चौरस मीटरमधून आत येणारी उष्णता:

काहीच न केलेला करडा स्लॅब: १०८ वॅट
तपकिरी बूच, ३ मिलीमीटर: ९३ वॅट
फक्त पांढरा लेप, बूच नाही: ५६ वॅट
पांढरं बूच, ३ मिलीमीटर: ४८ वॅट

हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्यक्षात स्लॅब उष्णता साठवतो आणि उशिरा सोडतो, वारा बदलतो, त्यामुळे आकडे सरकतात, क्रम मात्र तोच राहतो. पांढऱ्या रंगाने ५२ वॅट वाचवले, त्यावर बुचाने आणखी ८. डेमोत जो २० अंशांचा फरक दिसला तो बराचसा पांढऱ्या रंगाचा होता, आणि बिल येणार होतं बुचाचं.

याच तत्त्वावर 'कूल रूफ' उभं आहे. अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये हीट ॲक्शन प्लॅन केला आणि पुढे २०१७ पासून वस्त्यांमधली छतं पांढरी करायचा कार्यक्रम घेतला. तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं स्वतंत्र धोरणच आणलं. व्यापारी इमारतींसाठीच्या २०१७ च्या ऊर्जा संहितेत सपाट छताने किमान ६० टक्के ऊन परत फेकावं अशी अट आहे. आपल्याकडे गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करतात, तेही कळत-नकळत हेच काम करतं.

पांढऱ्याचा एक मोठा दोष आहे, आणि मार्केट यार्डात तो जास्तच जाणवतो. धूळ. ट्रकची वर्दळ, भुसारातला कोंडा, कचरा, सगळं गच्चीवर येऊन बसतं. लेप मळून शोषण २५ वरून ४० टक्क्यांवर गेलं की वरचा ५६ चा आकडा ७३ होतो. म्हणून गच्ची धुतली नाही तर पांढरा लेप हळूहळू करड्या स्लॅबच्या दिशेने निघतो. बुचाचा थर तर दाणेदार, त्याच्या खाचांत धूळ आणखी घट्ट बसते.

तर मग बुचाचा स्प्रे कुणासाठी?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मी या प्रकाराला निकालात काढतोय. तसं नाही. मला उलट वाटतं की तो चुकीच्या नावाखाली विकला जातोय.

त्याचं खरं काम भिंतीवर आहे. आमच्या इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीवर प्लास्टरला केसाएवढ्या भेगा आहेत. दिवसा भिंत तापून पसरते, रात्री आकसते, भेग उघडते-मिटते. साधा रंग कडक असतो, तो भेगेवर फाटतो. मग जूनमध्ये वाऱ्याबरोबर येणारा पाऊस आत शिरतो आणि दिवाळीपर्यंत आतल्या भिंतीचे पोपडे निघतात. बूच आणि रेझिनचा लवचीक थर भेगेबरोबर ताणला जातो. बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, पण भिंतीतल्या ओलाव्याची वाफ हळूहळू बाहेर जाऊ देतो. डांबरी किंवा प्लास्टिकसारखे लेप ओल आतच कोंडतात आणि काही महिन्यांनी फुगे येतात. हा फरक मोठा आहे.

पत्र्यावर दुसरा फायदा आवाजाचा. पावसाचा थेंब पडला की पत्रा ढोलासारखा वाजतो. बुचाचा लेप ते कंपन गिळतो. पत्र्याच्या शेडमध्ये जुलैत फोनवर बोलायचा प्रयत्न केला असेल तर याची किंमत कळेल.

जिथे नको ते पण सांगतो. सतत पाणी साचणाऱ्या गच्चीवर नको. जिथे रोज पाय पडतात तिथे नको. आमच्या गच्चीवर टाकी धुणारा, डिशवाला, उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळवणाऱ्या काकू, सगळ्यांची ये-जा असते, तो थर झिजणार. ओल्या भिंतीवर तर मुळीच नको. आधी गळती शोधा, भेगा भरा, भिंत कोरडी होऊ द्या, मग लेप. पुण्यात ही खिडकी फेब्रुवारी ते मे एवढीच. आणि आगीचं विचारा. बूच सहज भडकत नाही, कडेने कोळसा होत जातं, पण त्यातलं रेझिन जळतं. बारदानाच्या थप्प्या असलेल्या गोदामासाठी आगीच्या चाचणीचा कागद बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फोन हातात घेऊन तपासायच्या गोष्टी

पहिली गोष्ट, 'रूम थर्मामीटर' नावाची ॲप्स काढून टाका. बहुतेक फोनमध्ये खोलीचं तापमान मोजायचा सेन्सरच नसतो. ॲप एकतर इंटरनेटवरून शहराचं तापमान आणतं, नाहीतर बॅटरीचं दाखवतं. २०१३ च्या गॅलेक्सी एस-४ मध्ये असा सेन्सर होता, २०२३ च्या पिक्सेल ८ प्रो मध्ये वस्तूचं तापमान मोजणारा आहे, पण हे अपवाद. मी ईएसपी-३२ बोर्डाला डीएस-१८-बी-२० जातीचे दोन सेन्सर जोडले, एक आजीच्या खोलीच्या स्लॅबला आतून चिकटवला, एक पलंगाच्या उंचीवर. दर पाच मिनिटांनी आकडे माझ्या फोनवर. आठवडाभरात एक गोष्ट स्पष्ट झाली: स्लॅबची खालची बाजू सगळ्यात जास्त तापते ती भर दुपारी नाही, दिवेलागणीच्या सुमारास. ऊन उतरल्यावर स्लॅब आपली साठवण खोलीत ओतायला लागतो. आजी हे गेली कित्येक वर्षं सांगत होती. आम्ही म्हणत होतो, "आता तर ऊन गेलं, आता काय गरम!"

लेझर थर्मामीटरने मोजताना चकचकीत पत्र्यावर नेम धरू नका. चमकणारा पृष्ठभाग त्या यंत्राला फसवतो आणि आकडा बराच कमी येतो. पत्र्यावर काळी इलेक्ट्रिकल टेप चिकटवा, दहा मिनिटं थांबा, टेपवर मोजा.

विक्रेत्याकडे वाहकतेचा आकडा मागा, तोही वाळलेल्या थराचा. नुसत्या बुचाचा नको. किती ऊन परत फेकतो याचा आकडा नवीन लेपाचा आणि तीन वर्षं जुन्या लेपाचा, दोन्ही. 'किती अंश गार' या आकड्याला अर्थ नाही, जोवर कुठलं तापमान, किती वाजता, शेजारी काय ठेवून मोजलं हे सांगत नाहीत.

आणि बादल्या मोजा. माझ्या मते सगळ्यात कामाची युक्ती हीच. ६० चौरस मीटरवर ३ मिलीमीटर म्हणजे १८० लिटर वाळलेला माल. ओला माल वाळताना आकसतो, म्हणजे आणायला त्याहून जास्त लागतो. आमच्या कोटेशनमध्ये २० लिटरच्या चार बादल्या होत्या. ८० लिटर भागिले ६०, म्हणजे ओलाच १.३ मिलीमीटर. ३ मिलीमीटर त्यात बसतच नाही. मी फोनवर हे विचारलं तेव्हा उत्तर आलं, "सर, आमचा माल फुलतो." त्यानंतर बाबांनी तो नंबर स्वतःहून डिलीट केला.

आम्ही काय केलं

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी वरचे चार आकडे छापून वाटले. सेक्रेटरी काकांनी नेहमीप्रमाणे चहा झाल्यावर विषय घेतला. खालच्या मजल्यावरच्यांचं म्हणणं, गच्ची तापते ती तुमच्या डोक्यावर, आम्ही पैसे का द्यावे. यावर तासभर गेला. शेवटी गच्चीची गळती सगळ्यांची आहे या मुद्द्यावर जमलं. भेगा भरून घेतल्या, उताराची दुरुस्ती झाली आणि वर पांढरा लवचीक ॲक्रिलिक लेप, दोन हात. बाबांच्या वाट्याला आलेली रक्कम पहिल्या कोटेशनच्या जवळपासही नव्हती.

बुचाला मी पूर्ण सोडलं नाही. दुसऱ्या एका विक्रेत्याकडून नमुन्याचा डबा घेऊन पश्चिमेच्या भिंतीवर, आमच्या बाल्कनीतून हात पोचेल इतक्या भागात, एक चौरस मीटरचा तुकडा करून घेतला. मुद्दाम भेगेवरच. एक पावसाळा होऊन गेला. त्या तुकड्याखालची भेग वर आलेली नाही, आतली भिंत तेवढ्या भागात कोरडी आहे, शेजारी पोपडे आहेत. रंग मात्र धुळीने करडा झालाय. अजून दोन पावसाळे बघून मगच पूर्ण भिंतीचा विषय काढणार आहे.

आजीच्या खोलीत एसीइतका गारवा आलेला नाही, आणि तसा तो येणारही नव्हता. पण स्लॅब आता रात्री उशिरापर्यंत तापलेला राहत नाही आणि चटई बाल्कनीत गेली नाही. गच्ची धुवायला सोसायटीने पाळ्या लावल्यात, उन्हाळ्यात महिन्यातून एकदा. या रविवारी पाळी आमची आहे, आणि फॅमिली ग्रुपवर बाबांनी त्याची आठवण आतापर्यंत तीनदा केली आहे.